लिहायला शिकायचं, पण कुठे?

चाकण, रविवार

नाटक लिहायला रीतसर शिकायचं, हे ठरलं. नोकरी सोडणार, हेही घरी सांगून झालं. प्रश्न उरलाय तो कुठे जायचं, याचा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय म्हणजे तीन वर्षं आणि देशभरातली मुलं. पण तिथला भर अभिनय, दिग्दर्शनावर. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी आहे, व्यावसायिक रंगभूमीच्या शेजारी. आणि पुणे विद्यापीठाचं १९८७ साली सुरू झालेलं ललित कला केंद्र, जे नाटककार सतीश आळेकरांनी बरीच वर्षं सांभाळलं.

आळेकर स्वतः जीवरसायनशास्त्राचे. विजय तेंडुलकरांची तर शाळाही अर्धवट सुटली. मग पदवी कशाला? तर आपण लिहिलेलं वाक्य नटाच्या तोंडी बसतं की अडखळतं, हे रोज समोर दिसावं म्हणून. ते एकट्याने खोलीत बसून कळत नाही.

परवा आमच्या कारखान्यात सेकंड शिफ्ट सुटताना लाइनवरचा एक कंत्राटी मुलगा म्हणाला, "उद्यापासून ब्रेक." म्हणजे काम बंद. सेफ्टी शूज पिशवीत कोंबले आणि निघाला. लॉकरपाशी कुणीच काही बोललं नाही. त्या गप्प राहण्यात अख्खा अंक आहे. तो मला लिहायचाय, आणि त्यासाठी ही माणसं, त्यांची बोली कानाआड होऊन चालणार नाही.

म्हणून जवळचं पुणेच. शिकायला विद्यापीठात, ऐकायला चाकणला. अर्ज ललित कला केंद्राचाच भरतोय.