बाबांच्या रेघा

बाबांचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून वर जात नाही. त्यांच्या खोलीतली बांबूची चिक वर-खाली करायची म्हणजे आईला हाक. दिवसातून चार वेळा. आई काही म्हणत नाही, पण हाक मारताना बाबांचा आवाज पडतो, तो मला ऐकवत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्टेपर मोटर, ए-४९८८ ड्रायव्हर आणि आर्डुइनो जोडून त्यांना एक बटण करून दिलं.

पहिले दोन दिवस स्वारी खूश. मग चिक वर जाताना जरा आधीच थांबायला लागली. दर दोन दिवसांनी आणखी खाली.

मी लागलो ड्रायव्हरच्या मागे. करंट कमी पडत असेल म्हणून बारका स्क्रू फिरवून वाढवला. ड्रायव्हर चटका बसेल इतका तापला, चिक तशीच. मग दिशेच्या तारेवर संशय. दिशा बदलल्यावर पुढच्या पल्सआधी या चिपला किमान २०० नॅनोसेकंद लागतात. पण आर्डुइनो त्याहून पुष्कळ सावकाश, तेव्हा तेही नाही. तरी तार बदलली. शिव्याही घातल्या (मनातल्या मनात, आई शेजारीच होती).

"इकडे ये जरा," बाबा म्हणाले. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा. काही एकावर एक, काही खाली खाली.

"चिक पूर्ण खाली जाऊ दिली की रेघ हलत नाही. अर्ध्यात बटण दाबून परत वर घेतली की घसरते. अरे, चालत्या लेथचा चक कोणी उलटा फिरवतं का? आधी थांबव की!"

तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस.

माझा प्रोग्राम बटण दाबताच फक्त दिशा बदलत होता, पल्स त्याच वेगाने चालू. खाली येणारं चिकेचं वजन असं एका पल्समध्ये वळतंय थोडंच? मोटर पावलं चुकत होती आणि आर्डुइनो मात्र आपले आकडे मोजत सुटलेला. त्याला बिचाऱ्याला चिक खरी कुठे आहे हे कळायला मार्गच नाही. वरून खाली वळताना वजनच मदत करतं, म्हणून चूक एकाच बाजूला साचत गेली.

आता बटण दाबलं की वेग हळूहळू उतरतो, मोटर क्षणभर थांबते, मग दिशा बदलते आणि पुन्हा सावकाश वेग घेते. जेमतेम पंधरा ओळी.

दोन आठवडे रेघा एकावर एक पडताहेत. आई म्हणते, आता चौकट पुसून रंगवून घेऊ. बाबा म्हणाले, "महिनाभर थांब. पोराचं काम आहे, तपासायला नको?"