मीठ, मोहरी आणि काउंटरस्पेल

"म्हातारीच्या मुठीत खडेमीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या आहेत," डीएम म्हणाला. "बेशुद्ध क्लेरिकवरून ती मूठ ओवाळतेय आणि काहीतरी पुटपुटतेय. कुणाला काही करायचंय?"

"काउंटरस्पेल," मी म्हणालो.

बाकीचे तिघे एकदम ओरडले, "अरे थांब!" पण आमच्या टेबलावर बोललेलं परत घेता येत नाही. म्हातारीचा स्पेल अर्ध्यात तुटला. क्लेरिकच्या अंगातला शाप उतरायचा राहिला आणि पुढच्या फेरीत ती मेली. मेलेल्याला परत आणणारा स्पेल आमच्यात फक्त तिलाच येत होता.

डंजन्स अँड ड्रॅगन्स न खेळणाऱ्यांसाठी: डीएम गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात. माझा विझार्ड. मेलेली क्लेरिक माझ्या मैत्रिणीची, दोन वर्षं दर शनिवारी रात्री जपलेली.

समोरचा कुठला स्पेल टाकतोय हे ओळखायचा नियम 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' या 2017 च्या पुस्तकात आहे. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं आर्केनाचं कौशल्य मिळवायचं आणि 15 अधिक स्पेलची पातळी एवढा आकडा गाठायचा. पण स्पेल टाकला जात असतानाच ओळखायचा तर त्यात तुमची रिअ‍ॅक्शन खर्च होते. ती एका फेरीत एकच मिळते आणि काउंटरस्पेललाही तीच लागते. म्हणजे ओळखा किंवा थांबवा. दोन्ही तुम्हाला एकट्याला जमत नाही.

मी थांबवलं. 2014 च्या नियमांत तिसऱ्या किंवा खालच्या पातळीचा स्पेल काउंटरस्पेलनं आपोआप फसतो. म्हातारीचा नेमका तिसऱ्या पातळीचा होता. ओळखायला 18 लागले असते. माझं आर्केना अधिक 9. फाशावर 9 पडले असते तरी भागलं असतं.

पण मी ओळखायचा प्रयत्न केलाच नव्हता असं नाही. मी मनातल्या मनात पुस्तक चाळलं होतं. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. लाइटनिंग बोल्टला फरचा तुकडा आणि काचेचा दांडा. डिटेक्ट थॉट्सला तांब्याचं नाणं. मीठ-मोहरी-मिरच्या कुठेच नाहीत. म्हणजे स्पेल डीएमनं घरी बनवलेला. पुस्तकात नाही, म्हणजे घातक. माझा हिशोब इथे संपला.

गंमत म्हणजे पुस्तकातली ही यादीसुद्धा कुणाच्या तरी घरचीच आहे. फर काचेवर घासली की स्थिर वीज तयार होते, म्हणून ती विजेच्या स्पेलला. मनातलं ओळखायला नाणं, कारण इंग्रजीत 'पेनी फॉर युअर थॉट्स' म्हणतात. 'ड्रॉमिज' हे भारदस्त नाव जिम वॉर्ड या खेळाडूचं, उलटं लिहिलेलं. मॉर्डेनकेनन हे खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सचं स्वतःचं पात्र. मित्रांच्या टेबलावरच्या थट्टा छापून आल्या आणि मी त्या पाठ केल्या.

आणि जे पाठ करावं लागलंच नव्हतं, ते मला दिसलं नाही. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक पेपरच्या आदल्या रात्री आजी माझी दृष्ट काढायची. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं पुटपुटत मूठ ओवाळायची आणि सगळं गॅसवरच्या तव्यात टाकायची. मिरच्यांचा ठसका लागला नाही की समाधानानं म्हणायची, "बघ, केवढी लागली होती!" खडेमीठ, मोहरी, मिरच्या ऐकून टेबलावरचे तिघे एका क्षणात ओळखले. त्यांतल्या एकालाही आर्केना येत नाही.

खेळ संपल्यावर मी डीएमशी वाद घातला. "नवा स्पेल विझार्डला ओळखता कसा येणार?"

"नाव नसतंच सांगितलं," तो म्हणाला. "पण फासा टाकला असतास तर एवढं सांगितलं असतं की हा मारणारा नाही, राखणारा आहे. तेवढं पुरलं नसतं?"

पुरलं असतं. ऑफिसात दुसऱ्यानं लिहिलेला कोड समोर आला की मी फंक्शनच्या नावावर कधीच विश्वास ठेवत नाही. आत काय जातं, बाहेर काय येतं, ते बघतो. इथे मात्र नाव सापडलं नाही म्हणून बघणंच सोडलं.

मैत्रीण निघताना शांतपणे म्हणाली, "पात्र मेलं त्याचं काही नाही. आम्ही तिघं शेजारी बसलो होतो. एकदा विचारायचं तरी."

पुढचा शनिवार ती आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आली, नवं पात्र घेऊन. त्या रात्री डीएमनं एका साधूच्या हातात राख दिली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. फासा माझ्या हातात होता. तो खाली ठेवून मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?"