गोष्ट ठाऊक नसलेला श्रोता

पेनसिल्व्हेनियात मुलांना घरी शिकवायचं म्हणजे आधी कागदपत्रं आली. दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत शपथपत्र, वर्षाला १८० दिवस किंवा प्राथमिक वर्गांसाठी ९०० तास अभ्यास, वाचलेल्या पुस्तकांची नोंद, आणि वर्षअखेरीस मुलांशी बोलून त्यांचं काम तपासणारा मूल्यमापक. १९८८च्या कायद्याने हे सगळं घालून दिलंय. विषयांच्या यादीत या राज्याचा इतिहास आहे, आरोग्य आणि शरीरशास्त्र आहे, शिवाय आगीच्या धोक्यांबद्दल नियमित शिकवा असंही बजावलंय. लाकडी घरांच्या मुलखात ते शहाणपणाचंच. थंडीची शेगडी पेटण्याआधी तो धडा आम्ही उरकून घेतो.

यंदा शरीरशास्त्र आपल्या पायांनी घरात आलं. नोव्हेंबरअखेरीस आमचं तिसरं मूल जन्माला येईल. मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा. त्याचं हे पहिलंच शपथपत्र. बाळाला आतून आपला आवाज ऐकू येतो हे कळल्यापासून सकाळच्या प्रार्थनेत दोघंही जरा मोठ्याने बोलतात.

सप्टेंबरात वेळापत्रक आखताना मी विषयांचे दोन ढीग केले : मी शेजारी नसले तरी चालणारे, आणि न चालणारे. सुवाच्य अक्षरात उतारा लिहिणं, शिकवून झालेल्या रीतीची गणितं, निसर्गवहीतली चित्रं हे पहिल्या ढिगात गेलं. मुलाचं वाचन मात्र दुसऱ्यात. इंग्रजीतली ‘बी’ आणि ‘डी’ ही अक्षरं तो अजून उलटसुलट करतो, आणि चूक झाली त्या क्षणी ऐकणारा कान जवळ हवा. तासाभराने तपासून उपयोग नाही. म्हणून त्याचं वाचन सकाळी पहिलं, पंधरा मिनिटं, माझ्या अंगात त्राण असतं तेव्हा. मग मी पाय वर करून बसले तरी दिवस चालतो.

आमच्या पद्धतीचा कणा मात्र यातल्या कुठल्याच ढिगात बसेना. शार्लट मेसन ही इंग्रज शिक्षिका १९२३मध्ये गेली. अमेरिकेतली अनेक ख्रिस्ती घरं आजही तिच्या रीतीने शिकवतात. लहान मुलांचे धडे छोटे, पुस्तकं कसदार, आणि उतारा एकदाच वाचायचा. मग पुस्तक मिटायचं आणि मुलाने आपल्या शब्दांत सांगायचं. मध्ये टोकायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. करायला बसलं की कळतं, गप्प बसण्याइतकं अवघड काम शिकवणाऱ्याला दुसरं नाही.

पण गप्प बसूनही एक अडचण उरते. गोष्ट मला ठाऊक असते आणि मुलांना हे ठाऊक असतं. मग सांगणं म्हणजे नुसती हजेरी होते. ऑक्टोबरात आम्ही बायबलमधलं, म्हणजे आमच्या शास्त्रातलं, रूथचं पुस्तक घेतलं, चारच अध्यायांचं. बाहेर मक्याची कापणी चाललेली, त्यामुळे शेतात उरलेली कणसं वेचणारी रूथ मुलांना लगेच दिसली. पण मुलगा सांगायला लागला की, “ती शेतात गेली, मग तू वाचलंस तसं झालं,” एवढ्यावर मोकळा. त्याचं तरी काय चुकलं? मघाशी मीच वाचलेलं मलाच पुन्हा कशाला सांगायचं?

ऑक्टोबरच्या मध्यावर आई नगरहून आली. अहिल्यानगर नाव झालं तरी आमच्या तोंडी नगरच. पिशवीत अळीव, डिंक, आणि मनात एक जुनी तक्रार : “पोरांना शाळेत का घालत नाहीस?” तिचं दुखणं मला कळतं. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८३१मध्ये नगरला ठाणं केलं, शाळा काढल्या. त्या शाळांनी आमच्या घरातल्या बायकांना अक्षर दिलं. आणि त्याच घरातली मी अमेरिकेत येऊन शाळेकडे पाठ फिरवते! मी तिला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण करून दिली. त्यांना नवऱ्याने, टिळकांनी, घरीच वाचायला शिकवलं आणि पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. आई म्हणाली, “त्यांना शाळा मिळाली नाही. तुझ्या पोरांना मिळतेय.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही.

पण त्याच आईने माझा अडलेला विषय सोडवला, तोही न ठरवता. रूथ तिला तोंडपाठ, पण विल्यम पेन कोण, इथल्या क्वेकरांच्या उपासनेत माणसं गप्प का बसतात, लिंकनने गेटिसबर्गला काय केलं, हे तिला काही माहीत नव्हतं. इंग्रजी पुस्तक ती वाचत नाही. लसूण सोलत ती नातीला म्हणायची, “काय वाचलंस गं आज?” आणि नातीला सगळं मुळापासून, मराठीत सांगावं लागायचं. तयार वाक्य उचलून चालत नव्हतं. त्या भाषेत ते वाक्यच नव्हतं. आई मध्येच म्हणायची, “थांब, हा पेन आला कुठून?” मेसनच्या रीतीप्रमाणे हे टोकणं. पण परीक्षकाच्या प्रश्नाने मूल आखडतं आणि खरोखर न कळलेल्या माणसाच्या प्रश्नाने खुलतं, हे मला आईकडे पाहून समजलं.

निसर्गवहीचंही तेच. शुगर मेपल पेटल्यासारखे लाल-केशरी झाले होते. मुलीने आजीला ऐटीत सांगितलं, की पानातलं हिरवं द्रव्य मोडतं, मग आधीपासून दडलेला पिवळा रंग दिसायला लागतो. लाल मात्र शरदात नव्याने तयार होतो. आई म्हणाली, “पान टाकूनच द्यायचंय, तर रंगवायला कशाला बसतं झाड?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. शोधता शोधता कळलं, की वनस्पतिशास्त्रज्ञ यावर अजून वाद घालतात. एक मत असं, की पानातलं नत्र परत खोडात ओढून घेण्याचं काम चालू असताना लाल रंग पानाला प्रखर उन्हापासून जपतो. मग ओढ्याकाठच्या सिकॅमोरचं पान मुलाने देठासकट उपटून आणलं. या झाडाचा देठ बुडाशी पोकळ असतो आणि पुढच्या वसंताची कळी त्या पोकळीत झाकलेली असते. पान गळेपर्यंत दिसत नाही. हे त्याने आजीला समजावलं, आजीने माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, “नाही आजी, हे झाडाचं आहे.” मला बरं वाटलं. दिसेल त्या गोष्टीतून बोध काढायची आमच्या ख्रिस्ती घरांना फार घाई असते. झाडाला थोडा वेळ झाड राहू द्यावं.

रूथचा शेवटचा अध्याय मी आईलाच वाचायला दिला, मराठी शास्त्रातून. त्यात रूथला मुलगा होतो आणि तिची सासू नामी त्याला उराशी धरते. मुलाने या वेळी गोष्ट सांगितली ती वडिलांना. ते कामावरून आले होते, त्यांना काही माहीत नव्हतं. कणसं, शेताचा मालक बवाज, वेशीवरचे वडीलधारे, सगळं आलं. एकही भाग “तसं झालं” म्हणून सुटला नाही.

नोंदवहीत मी आता प्रत्येक धड्यापुढे एक रकाना वाढवलाय : कोणाला सांगितलं? बाळंतपणाच्या आठवड्यांत तोच रकाना घर चालवेल. वसंतात आई परत जाईल. मार्चमध्ये इथली घड्याळं पुढे सरकली, की आमचे सकाळचे आठ म्हणजे नगरचे संध्याकाळचे साडेपाच, तिच्या चहानंतरची निवांत वेळ. व्हिडिओ कॉल वेळापत्रकात आत्ताच घातलाय. त्यात माझं काम एवढंच : फोन लावून द्यायचा आणि बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत जायचं.