कॉलेज रोडवरचं बाळंतपण

नाशिक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रामकुंड, मिसळ, द्राक्षं आणि वीकेंडची वायनरी. बरोबर? मला मात्र आठवतं ते द्राक्षाचं एक रिकामं खोकं, आणि त्यात हुळहुळणारी अकरा गुलाबी पिल्लं. उंदरांची!

थांबा, पान उलटू नका. हे गटारातले उंदीर नव्हेत. फार्मसी कॉलेजच्या लॅबमध्ये असतात ना, तसले पांढरेशुभ्र. सातपूरच्या ऑफिसात माझी बदली झाली आणि कॉलेज रोडला एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर मी एकटा राहायला लागलो. कुत्रा पाळायचा तर दिवसभर त्याला बघणार कोण? उंदीर दिवसभर झोपतात आणि संध्याकाळी तुम्ही घरी येता तेव्हा ताजेतवाने होऊन उठतात. नोकरदार माणसाला एकदम फिट! दोन आणले. नाव ठेवलं मिसळ आणि पाव.

‘दोन्ही माद्या आहेत, टेन्शन नाही,’ दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं. ते खरंच होतं. फक्त त्यातली मिसळ पोटुशी आहे, हे सांगायचं तो विसरला. उंदरीचे दिवस भरतात अवघ्या बावीस दिवसांत. मला कळेपर्यंत तिच्या पोटाचा लिंबू झाला होता.

आता प्रश्न होता घरमालकीण काकूंचा. त्या जुन्या नाशकातल्या, वाड्यात वाढलेल्या. प्लेगच्या काळात घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत, हे त्यांनी आजीकडून ऐकलेलं. ‘अहो, उंदीर मारायला पिंजरा लावतात, पाळायला नाही!’ त्या म्हणाल्या. बऱ्याच विनवण्यांनंतर तह झाला, ‘पिल्लं पाच आठवड्यांची झाली की गर्दी हलवायची.’

भोगीची रात्र

ज्यांनी जानेवारीत पहाटे गंगापूर रोडला स्कूटर चालवली आहे, त्यांना नाशिकची थंडी सांगायला नको. पारा दहाच्या खाली सहज जातो. आणि उंदराच्या पिल्लाला पहिले दोन आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. ना केस, ना उघडे डोळे, ना कान. वजन साधारण चमचाभर साखरेएवढं.

पावला वेगळ्या पिंजऱ्यात हलवलं. बुधवारच्या बाजारात गंगाघाटावर भाजी घेताना द्राक्षाचं एक खोकं मागून आणलं. त्यात ऑफिसातल्या रद्दीच्या बारीक पट्ट्या. (देवदार-चीडच्या लाकडाचा भुसा नको, त्याच्या वासाने श्वासाचा त्रास होतो.) गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवली, म्हणजे उकडलं तर सरकायला जागा राहते.

भोगीच्या रात्री मिसळ बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी अख्खं ऑफिस पतंग उडवायला येवल्याला गेलं, मी घरी मोजणी करत बसलो. अकरा! उंदरीला बारा स्तन असतात, म्हणजे हिशेब जमत होता. पोटाच्या पातळ कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा दिसला की पिल्लू प्यायलंय असं समजायचं. दहा पोटं पांढरी होती. अकरावं, सगळ्यात बारकं, रिकामं.

तिसऱ्या दिवशी दोन पिल्लं गेली. बारकं मात्र त्यांत नव्हतं. मी काय केलं म्हणाल, तर फारसं काही नाही. मिसळ उकडलेलं अंडं खायला बाहेर आली की दोन-तीन धष्टपुष्ट भावंडं दहा मिनिटं उबदार डब्यात काढून ठेवायची, म्हणजे बारक्याला आईजवळ जागा मिळायची. चौथ्या संध्याकाळी त्याच्या पोटात पांढरी रेघ दिसली. त्याचं नाव ठेवलं बेदाणा.

हाताची सवय

पिल्लाला हात लावला की आई त्याला टाकते, असं आपण ऐकत आलेलो असतो. ओळखीच्या, माणसाळलेल्या उंदरीच्या बाबतीत तसं सहसा होत नाही. साबणाने हात धुवायचे, तिच्याच बिछान्यातल्या कागदाला चोळायचे, तिला खाऊ देऊन बाजूला बोलवायचं आणि मग पिल्लू ओंजळीत घ्यायचं. आधी दोन मिनिटं, मग पाच. शेपटीला धरून उचलायचं नाही, कधीच नाही.

याला शास्त्रही आहे बरं का. अमेरिकेत सीमोर लेविन यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की, लहानपणी रोज थोडा वेळ हाताळलेली उंदराची पिल्लं मोठेपणी कमी बिथरतात. एक कारण असं मानतात की, पिल्लू परत आलं की आई त्याला जास्त चाटते. मी हे मिसळला करताना रोज बघत होतो. बेदाणा परत ठेवला की ती त्याला उलटापालटा करून असा काही चाटायची, की जणू मीच तो मळवला होता.

चौदाव्या दिवशी डोळे उघडले आणि धम्माल सुरू झाली. आता माणसं, आवाज, वास सगळ्यांची ओळख करून द्यायची. मिक्सर, कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंगटोन. पिल्लं स्वेटरच्या बाहीत शिरून कॉलरमधून बाहेर यायची. बोटांनी गुदगुल्या केल्या की उंदीर आपल्याला ऐकू न येणाऱ्या पट्टीत चिवचिवतात, असं याक पांकसेप या शास्त्रज्ञाने नोंदवलंय. मला ऐकू आलं नाही, पण बोट काढलं की ती बोटामागे धावत यायची. उत्तर मिळालं.

दूध सुटतं तेव्हा

सतराव्या दिवशी एकाने आईच्या वाटीत तोंड घातलं. पिल्लं आईच्या तोंडाचा वास घेतात आणि तिने खाल्लेलंच आधी चाखतात. म्हणून आईला चांगलं द्यायचं. मऊ वरणभात, भिजवलेला दलिया, अंड्याचा तुकडा. तिखट-मीठ नाही. फेब्रुवारीत दिंडोरीची द्राक्षं आली, तेव्हा मिसळने एक फोड खाल्ली. पाठोपाठ नऊ नाकं तिच्या तोंडाशी, आणि मग फोडीवर.

वरणभात कुठून यायचा? खालून. ‘बाळंतीण आहे, नुसता दलिया काय देता?’ काकू दाराबाहेर वाटी ठेवून जायच्या. आत येत नसत.

दूध आईच हळूहळू तोडते. चार आठवडे तरी पिल्लं तिच्याजवळच हवीत. पण पाच आठवडे झाले की नर वेगळे करायलाच हवेत, नाहीतर ते आईबहिणींनाच गाभण करतात. पाच माद्या, चार नर. बेदाणा नर. सगळ्यात लहान, अजून आईच्या कुशीत शिरणारा. त्यालाही सूट नाही.

माघी गणेश जयंतीला काकू रविवार कारंजावरच्या चांदीच्या गणपतीला जाऊन आल्या आणि पहिल्यांदाच उंबरठा ओलांडून आत आल्या. ‘कुठला तो बारका?’ मी बेदाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. हात थरथरत होता. देवळात मूषकाच्या कानात इच्छा सांगतात ना, तशा त्या खाली वाकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. काय, ते मी विचारलं नाही.

तीन माद्या एका मैत्रिणीकडे इंदिरानगरला गेल्या, दोन नर सिडकोत एका सहकाऱ्याकडे. बेदाणा आणि त्याचा भाऊ वेगळ्या पिंजऱ्यात माझ्याकडेच राहिले. पहिल्या रात्री तो जाळीशी, आईच्या बाजूला झोपला. चौथ्या रात्री भावाच्या अंगावर.

काकूंनी तहाच्या दिवशी येऊन मोजणी केली. ‘अजून सहा?’ एवढंच म्हणाल्या.

उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. माझी बदली झाली तेव्हा पिंजरे रिकामे झाले होते. बेदाणा काकूंच्या अंगणात जास्वंदीखाली आहे. जागा त्यांनीच दाखवली.

लक्षात ठेवा

• एकटा उंदीर पाळू नका. दोन माद्या किंवा दोन नर ठेवा.

• बाळंतपणाआधी नराला दूर करा. मादी बाळंत झाल्यावर चोवीस तासांत पुन्हा गाभण राहू शकते.

• पाण्याच्या बाटलीची नळी पिल्लांच्या उंचीला लावा.

• रानातला किंवा गटारातला उंदीर घरात आणू नका. लेप्टोची भीती असते. पाळलेल्यांना हाताळल्यावरही हात धुवा.

• पिल्लांना घरं मिळतील याची खात्री नसेल, तर जोडी लावूच नका.