आर्नोच्या काठी कोल्हापूरचा राजा

आमच्या आखणीत डेव्हिडचा पुतळा दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या क्रमांकावर होती फ्लॉरेन्सच्या पश्चिम टोकाला, दोन पाण्यांच्या संगमावर उभी असलेली एक छत्री. आक्कानं ती वहीत सगळ्यात वर लिहिली होती आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं माहेर कोल्हापूर आणि सासरही कोल्हापूर. मी लग्न होऊन पुण्याला आले, पण ती शाहूपुरीतून हलली नाही आणि हलणारही नाही. इटलीला जायचं ठरलं तेव्हा आम्ही सहल कंपन्यांची पत्रकं चाळली आणि माझं डोकं उठलं. प्रत्येकीत फ्लॉरेन्सला अर्धा दिवस! चौकात उतरवायचं, घुमटासमोर फोटो, चामड्याच्या दुकानात तासभर, की लगेच बस पिसाकडे. ज्या शहरानं ब्रुनेलेस्कीला वाढवलं, मायकेलअँजेलोला घडवलं, ते शहर जेवणाच्या सुट्टीत उरकायचं, ही कल्पनाच मला सहन होत नाही. आपलं आपणच जायचं ठरलं.

महिना कोणता, यावर मात्र बराच खल झाला. आक्काला मुलांच्या सुट्टीमुळे मे सोयीचा होता. मला जून हवा होता, आणि तोही सुरुवातीचा. फ्लॉरेन्स टेकड्यांच्या कुशीत खोलगट जागी वसलंय. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली हवा कोंडते, दगड रात्रीही तापलेले राहतात, आणि ऑगस्टच्या मध्यावर गावातली माणसं दुकानं बंद करून समुद्राकडे निघून जातात. जूनच्या सुरुवातीला दिवस मोठा असतो, रात्री नऊनंतरही उजेड रेंगाळतो, आणि लिंडेनच्या झाडांना फुलं येतात. त्या वासासाठीसुद्धा मी तेवढा प्रवास केला असता. आक्कानं शेवटी मान्य केलं, पण एका अटीवर. पहिली संध्याकाळ महाराजांची.

महाराज म्हणजे राजाराम छत्रपती, करवीरच्या गादीवरचे दुसरे राजाराम. १८६६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी ते गादीवर आले. १८७० मध्ये ते विलायतेला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणाऱ्या काळात एका तरुण मराठा राजानं हे पाऊल उचललं. इंग्लंडमध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, जे जे पाहिलं त्याची रोजनिशी इंग्रजीत लिहिली. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समधल्या एका हॉटेलात त्यांचा अंत झाला. वय अवघं वीस. सोबत असलेल्या कॅप्टन वेस्टनं ती रोजनिशी संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. आक्काकडे तिची छायाप्रत आहे. तिला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, तरी तिनं ती सगळी वाचलीय.

पहिल्या संध्याकाळी आम्ही काशिने उद्यानात शिरलो. उद्यान म्हणजे आर्नोच्या उजव्या काठानं तीनेक किलोमीटर लांबत गेलेला हिरवा पट्टा. फ्लॉरेन्सच्या जुन्या गल्ल्यांमधून आल्यावर इथं एकदम श्वास मोकळा होतो. पोरं सायकली पिटाळत होती, म्हातारे बाकांवर बसले होते, कुणी धावत होतं. परदेशी पाहुणे जवळजवळ नाहीतच. लिंडेनचा वास होता, दाट, मधासारखा. आक्का वाटेत काहीच बघत नव्हती. झपाझप चालत होती. मी म्हटलं, "आक्का, जरा दमानं." ती म्हणाली, "दीडशे वर्सं थांबल्यात ते. आता आपण उशीर करायचा व्हय?"

झाडं संपली आणि छत्री दिसली. खांब, त्यावर घुमट, आत रंगीत अर्धपुतळा. डोईला पगडी, अंगावर दागिने, चेहरा पोरसवदा. सभोवती लोखंडी कुंपण. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. ज्यांनी पुढं कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला तेच मँट. पुतळा चार्ल्स फुलर या फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या इंग्रज शिल्पकाराचा. स्मारक १८७४ मध्ये उभं राहिलं. टाऊन हॉलच्या बागेत बालपण गेलेल्या आम्हा दोघींना ती घडण परकी वाटली नाही, कारण तो टाऊन हॉलही मँट यांचाच. शेजारून आर्नो वाहते, आणि मुन्योने नावाचा ओढा तिला येऊन मिळतो. ओढा आता बांधीव काठांतून येतो, बघायला साधाच. मागं एक भलामोठा लटकता पूल आहे, लोखंडी दोरांवर तोललेला, १९७८ साली पूर्ण झालेला. त्याला सगळं गाव 'इंडियन'चा पूल म्हणतं.

आक्कानं चपला काढल्या. कुंपणाला हात लावून ती उभी राहिली आणि मग एकदम म्हणाली, "हितं कोण फुलं बी वाहत नाही व्हय गं?"

तेव्हा बाकावरचे एक आजोबा उठून आले. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, सोबत म्हातारं कुत्रं. आयुष्य हॉटेलात नोकरी करण्यात गेलेलं, त्यामुळं इंग्रजी कामापुरतं येत होतं. त्यांनी पुतळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "तुम्ही यांच्या नात्यातल्या?"

आक्का मराठीतच म्हणाली, "आमचे राजे." मी भाषांतर केलं. आजोबांनी टोपी काढली. ती नुसती शिष्टाई नव्हती, चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, लहानपणापासून इथं येतो, सायकल इथवर आणायची आणि वळवायची, हेच आमचं खेळणं. पण हा राजा कुठला, कसा आला, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. कुणी म्हणे तो इथल्या मुलीच्या प्रेमात पडला होता.

आक्काला ते अजिबात रुचलं नाही. तिनं त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगायला घेतलं, मी मध्ये दुभाषी. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होतं, १८६५ पासून, ते आजोबांना ठाऊक होतं. प्रेत जाळायला इथं परवानगी नव्हती, हे मात्र ठाऊक नव्हतं. आणि मला या गोष्टीतला सगळ्यात कुतूहलाचा भाग तोच वाटतो. बरोबरच्या मंडळींनी आग्रह धरला की दहन आपल्या रीतीनं, आणि तेही संगमावर. शहरानं खास परवानगी दिली. मध्यरात्रीनंतर या टोकाला चिता रचली गेली आणि थंडीत फ्लॉरेन्सची माणसं बघायला जमली. इटलीत आधुनिक पद्धतीचं पहिलं दहन मिलानला १८७६ साली झालं. आमच्या महाराजांची चिता त्याच्या पाच वर्षांहून अधिक आधी पेटली. त्याही आधी १८२२ मध्ये कवी शेलीचा देह वियारेज्जोजवळच्या किनाऱ्यावर जाळला होता, पण तो साथीच्या कायद्यामुळं. शेलीनं पश्चिमी वाऱ्यावरची आपली प्रसिद्ध कविता याच काशिनेत रचली होती, १८१९ मध्ये. त्याचं नाव इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. महाराजांचं नाव कोल्हापूरबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, आणि हे मला फार लागतं.

"पण इथंच का? इतक्या लांब, गावाच्या टोकाला?" आजोबांनी विचारलं.

आक्कानं उठून दोन्ही पाणी दाखवली. आमच्याकडे कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आहे, तिथं नद्या मिळतात. मग ती पंचगंगा होते. पंचगंगेच्या घाटावर आमच्या राजघराण्याच्या समाध्या आहेत. परदेशात मरण आलं तेव्हा बरोबरच्या माणसांनी नकाशात पाहिलं असेल, दोन पाणी कुठं भेटतात. आजोबा गप्प झाले. म्हणाले, ही मुन्योने मी सत्तर वर्षं बघतोय आणि तिला मी ओढाच समजत आलो.

मग नदीवरून विषय पुरावर गेला, आणि पुढचा तास दोघांनी मला जवळजवळ विसरून टाकलं. ४ नोव्हेंबर १९६६. आर्नो पात्राबाहेर आली तेव्हा आजोबा पोरसवदा होते. त्यांनी हातानं छातीच्या वर रेघ दाखवली. घरात पाणी इथपर्यंत. पाण्याबरोबर घरांच्या तळघरांतलं तापवायचं तेल आलं होतं, त्यामुळं भिंतींवर काळा पट्टा उमटला तो कित्येक महिने निघाला नाही. काशिनेतल्या शर्यतीच्या तबेल्यातले घोडे बुडाले, हे सांगताना त्यांचा आवाज बसला. मग म्हणाले, गावभर पाणी कुठवर आलं त्याच्या फरशा भिंतीत बसवल्यात, त्या बघून या.

आक्कानं २०१९ चा ऑगस्ट सांगितला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं, शाहूपुरीत होड्या फिरत होत्या, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. आक्काच्या घरात खालचा मजला गेला. धान्य, गाद्या, वह्या, आईच्या लग्नातला एकुलता एक फोटो. मी पुण्यात फोन धरून बसले होते आणि फोन लागत नव्हता. हे सगळं ती मला आजवर इतक्या सविस्तर कधी बोलली नव्हती. त्या बाकावर, अनोळखी माणसापुढं, माझ्या तुटपुंज्या भाषांतरातून बोलली. आजोबांनी विचारलं, चिखल किती दिवस काढलात? ती म्हणाली, वास जायला दिवाळी उजाडली. ते म्हणाले, आमच्याकडे वसंत. पुराची माणसं एकमेकांना लगेच ओळखतात, हे मी तिथं पाहिलं.

उजेड अजून होता. आजोबांनी जाळीतून वाढलेली खसखशीची दोनतीन लाल फुलं खुडली, इथं त्या दिवसांत ती गवतात कुठंही उगवतात, आणि आक्काला दिली. आक्कानं ती कुंपणातून आत सारली. मग तिनं पिशवीतून डबा काढला. त्यात दुपारी घेतलेला तोस्कानाचा पाव होता, ज्यात मीठच नसतं, आणि तिनं कोल्हापूरहून आणलेली कांदा-लसणाची चटणी. मला तो पाव एरवी घशाखाली उतरत नाही. इथले लोक खारवलेल्या मांसाबरोबर तो खातात म्हणून त्यांना चालतो. चटणी लावल्यावर मात्र तो पाव चवीला आला. आजोबांनी एक तुकडा घेतला, डोळ्यांत पाणी आलं, दुसरा मागितला. कुत्र्याला आक्कानं नुसता पाव दिला. निघताना आजोबांनी राजाचं नाव तीनदा म्हणून घेतलं, राजाराम, राजाराम, आणि म्हणाले की आता नातवंडांना प्रेमाची गोष्ट सांगणार नाही, खरी सांगेन.

पुढचे दिवस उफित्सी, घुमटाच्या ४६३ पायऱ्या आणि डेव्हिडसमोरची गर्दी यात गेले. सान मार्को मठातल्या छोट्या खोल्यांतून फ्रा आंजेलिकोची भित्तिचित्रं मात्र मनापासून आवडली, आणि तिथं गर्दीही नव्हती. पोंते वेक्यो मला एक घटकाही सोसला नाही; सोनारांची दुकानं आणि ढकलाढकल, नदी जेमतेम दिसते. सांता क्रोचेच्या परिसरात पुराच्या फरशा शोधत आम्ही एक सकाळ घालवली. आक्का प्रत्येकीपुढं उभी राहून आपल्या उंचीशी माप लावत होती.

महाराजांना मुलगा नव्हता. १८७१ मध्ये चौथे शिवाजी दत्तक आले, तेही अकाली गेले, आणि मग १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून शाहू महाराज दत्तक आले. ज्या गादीवर राजर्षी बसले तिचा आधीचा एक तरुण वारस असा आर्नोच्या काठी राहिला आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात एका ओळीत तरी यायला हवं.

तेव्हा फ्लॉरेन्सचा बेत आखताना एक संध्याकाळ राखून ठेवा. मेअखेर किंवा जूनची सुरुवात निवडा, ऊन उतरल्यावर निघा. सांता मारिया नोवेला स्थानकाजवळून ट्रामनं काशिनेच्या थांब्यापर्यंत जाता येतं. पुढं नदीच्या काठानं पश्चिमेकडे पायी चालत राहायचं, उद्यान संपेपर्यंत. तिकीट नाही, रांग नाही. कोल्हापूरच्या माणसानं तर जायलाच हवं, आणि जाताना फुलं घेऊन जावीत.