पाटीवरचे पाखरू

चित्रकला हा आमचा विषय नव्हे. एम. ए. केले ते मराठीत, आणि खडू हाती धरला तो अक्षरांसाठी. परंतु इंद्रवेल्लीसारख्या गावी रिकामा तास दिसला की मुख्याध्यापकास समोर येईल तो विषय शिकवावा लागतो. मागील वर्षी पहिलीचा चित्रकलेचा तास असाच आमच्या वाट्यास आला.

काढावयास सोपे म्हणून आम्ही पाखरू निवडले. प्रथम एक आडवे अंडे, हे धड. त्याच्या एका टोकावर मोठे वर्तुळ, हे डोके. मान काढावयाचीच नाही. गमतीच्या चित्रात डोके मोठेच शोभते, कारण सारा भाव तेथेच असतो. पुढे लहान त्रिकोणाची चोच. डोळ्यासाठी लहानसे वर्तुळ व त्यात टिंब. टिंब वर सरकविले की पाखरू आभाळाकडे पाहते, खाली आणले की दाण्याकडे. वर एक तिरपी रेघ दिली की तेच पाखरू रागावते. धडावर अर्धचंद्राचा पंख, मागे तीन रेघांची शेपटी. पाय मात्र धडाच्या मध्याखाली हवेत, नाहीतर पाखरू तोंडावर पडावयाचे!

पाहता पाहता वर्गात तीस पाखरे उतरली. एका पाटीवर मात्र निराळेच काही होते. पाखराच्या डोक्यावर रेघांचा मोठा भारा उभा होता. पाटी होती एका गोंड मुलीची. घरी गोंडी, बाजारात तेलुगू आणि शाळेत आमची मराठी, अशा तीन भाषांच्या तिठ्यावर ती मुकीच उभी असे. शाळेत आल्यापासून तिचा शब्द आम्ही ऐकला नव्हता. "असे नव्हे, बाळ," म्हणून आम्ही ओल्या फडक्याने तो भारा पुसून टाकला. ती रडली नाही. तिने पाटी उलटी करून ठेवली.

दिवाळी जवळ आली आणि गावात दंडारी निघाली. मारलवाईचे कनक राजू यांना २०२१ साली ज्या नृत्यासाठी पद्मश्री मिळाली, तेच हे गुसाडी. नर्तकांच्या मस्तकावर मोरपिसांचे भलेमोठे मुकुट डुलत होते. ते पाहताच आम्ही जागच्या जागी थबकलो. पाटीवरचा तो भारा हाच!

आर. के. लक्ष्मण यांना कावळ्यांचे भारी वेड होते. त्यांनी ते आयुष्यभर रेखाटले. थोडक्या रेघांत पक्षी उभा करावयाचा तर तो आधी डोळे भरून पाहिलेला असावा लागतो. त्या मुलीने पाहिले होते. आम्ही मात्र इतकी वर्षे या गावात राहून केवळ अंडे व वर्तुळ शिकवीत होतो.

सुटीनंतर आम्ही फळ्यावर पुन्हा पाखरू काढले, आणि त्याच्या मस्तकावर, आम्हांस जमला तसा, पिसांचा मुकुट चढविला. तो वाकडाच झाला. "हे कोण?" आम्ही विचारले.

वर्ग गप्प होता. मागून हळूच शब्द आला, "मल."

मल म्हणजे गोंडीत मोर. आम्ही तो शब्द देवनागरीत फळ्यावर लिहिला, शेजारी 'मोर' लिहिले आणि खडू तिच्या हाती दिला. तिने प्रथम आमचा मुकुट पुसला, आणि तो नीट काढून दाखविला.