दाभोळच्या धक्क्यावर

दापोलीहून गुहागरला जायचे तर चिपळूणचा मोठा वळसा घ्यावा लागतो, नाही तर दाभोळला येऊन वाशिष्ठीची खाडी ओलांडावी लागते. २००३ पासून इथे गाडीसकट पलीकडे धोपाव्याला नेणारी फेरीबोट आहे. आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. जुहरची वेळ झालेली. अम्मींना घेऊन आम्ही गावात शिरलो.

आज शांत दिसणारे हे गाव आदिलशाहीत मोठे बंदर होते. इथून अरबस्तान, इराणकडे जहाजे जात. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. आता खाडीत मासेमारीच्या होड्या आणि धक्क्याजवळ घुमटाची जुनी, दगडी शाही मशीद.

जमात होऊन गेली होती. मुसाफिर म्हणून आम्ही दोन रकात कसर अदा केली. शेजारच्या घरातल्या बाईंनी अम्मींसाठी पडवीत जानमाज अंथरली. नमाजनंतर कोकमचे सरबत दिले आणि मशिदीची हकीकत सांगितली. विजापूरची शहजादी आयशाबीबी हजला निघाली, दाभोळपर्यंत आली, पण पुढचा प्रवास घडला नाही. हजसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीला लावला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बांधकाम १६५९ च्या सुमाराचे मानतात.

अम्मी गप्प झाल्या. कारण आम्हाला ठाऊक होते. २०२० मध्ये अब्बा-अम्मींचा हजला नंबर लागला होता. कोरोनामुळे त्या वर्षी बाहेरच्या देशांतून कोणालाच जाता आले नाही. पुढच्या वर्षी अब्बांचा इंतकाल झाला. तेव्हापासून घरात हजचा विषय निघाला की अम्मी उठून आत जात.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग त्या शहजादीचा हज राहिलाच?"

"नियत तर पोचली ना, खाला," बाई म्हणाल्या.

परतीची बोट लागली. खाडीत अम्मी गाडीतून उतरून कठड्याशी उभ्या राहिल्या. मशिदीचा घुमट लहान होत गेला. आमच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "तुमच्या अब्बांची नियतही पोचली असेल. शहजादीची वाट अडली होती. माझी कुठे अडलीय?"

धोपाव्याला उतरण्याआधी त्यांनी पासपोर्टची मुदत विचारून घेतली. मेहरम म्हणून धाकट्याला न्यायचे, हेही त्यांनीच ठरवले.

यंदा फॉर्म भरला आहे. वाचक बंधू-भगिनींनी अम्मींसाठी दुआ करावी.